मॅटर नंबर दोन

ब्लॉग सुरू करायचा तर आधी स्वतःचा परिचय द्यावा लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी पुण्याहून फोनवर सांगत होती, हे दाबा, आता ते दाबा, आणि मी साकोलीच्या घरी खाटेवर बसून दाबत होतो. एका ठिकाणी रिकामी चौकट आली. मुलगी म्हणाली, "इथे तुमच्याबद्दल चार ओळी लिहा, बाबा. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम." त्याला आता तीन आठवडे झाले.

तिचं म्हणणं चुकीचं नाही. दुसऱ्या कोणाचा परिचय असता तर खरंच पाच मिनिटांत हातावेगळा केला असता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो आणि शाळा सुटल्यावर लिहीत होतो, आयुष्यभर एवढंच केलं. कथा लिहिल्या. काही दिवाळी अंकांत छापून आल्या, बऱ्याच साभार परत आल्या. पण तालुक्यात लोक मला ओळखतात ते कथांमुळे नाही. बदली झालेल्या साहेबाचं मानपत्र, निवृत्त होणाऱ्या बाईंसाठी निरोपाचं भाषण, लग्नपत्रिकेवरच्या चार ओळी, सरपंचाचं पंधरा ऑगस्टचं भाषण, आणि कोणी गेलं की तेरवीची पत्रिका, यासाठी लोक माझ्याकडे येत. "गुरुजीच्या हाताले गोडी हाय," म्हणत. गोडी कसली, हाताला वळण पडलं होतं. त्या वळणानंच माझा घात केला, आणि तो कसा ते सांगितल्याशिवाय ही चौकट भरायची नाही असं मी ठरवलं आहे.

बसस्थानकाजवळच्या गल्लीत एक छापखाना होता. मालक माझ्याच वयाचा, बोलण्यात फटकळ पण मनाचा चांगला. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी त्याच्याकडे कामाची रीघ लागली. लेटरहेड, शिक्के, पावतीपुस्तकं, सगळ्यांवरचं जिल्ह्याचं नाव बदलायचं होतं. नव्या हद्दीपलीकडच्या गावांचे लोक छापायला साकोलीतच येत आणि सवयीनं 'जिल्हा भंडारा' असंच लिहून देत. आपण कोणत्या जिल्ह्यात राहतो हे मी त्या वर्षी कितीतरी लोकांना लाल शाईनं सांगितलं. शाळा सुटली की मी प्रूफं तपासायला तिथे जाऊन बसे.

त्याच सुमारास त्यानं छपाईचे शिशाचे खिळे काढून टाकले आणि संगणक आणला. एक दिवस म्हणाला, "गुरुजी, मयताच्या घरचे लोक रडत रडत येतेत. माणूस कसा होता म्हणून त्यायले इचारत बसणं मले जमत नाई. तुमी तीन मॅटर करून द्या. नाव टाकलं का छापून मोकळं."

मला ते पटलं. मी तीन मजकूर करून दिले. एक नंबर वडिलांसाठी, दोन नंबर आईसाठी किंवा पत्नीसाठी, तीन नंबर अवेळी गेलेल्यांसाठी. त्यातला दोन नंबर माझा लाडका होता. "कष्टाळू, मनमिळाऊ, आल्यागेल्याची आपुलकीनं विचारपूस करणारी आमच्या कुटुंबाची सावली हरपली. देवघरातली समई शांत झाली, तरी तिचा उजेड आम्हांला वाट दाखवत राहील." या समईच्या ओळीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. आधी पणती होती, ती काढून समई घातली. खोटं कशाला बोलू, मला त्या ओळीचा अभिमान वाटत असे.

आमच्याकडे तेरवीची पत्रिका घरात ठेवत नाहीत. दारात उभ्याउभ्या वाचायची, तारीख लक्षात ठेवायची आणि तिथेच फाडून टाकायची. ठेवली तर तिच्या मागून दुसरी येते म्हणतात. त्यामुळे दोन घरच्या पत्रिका कधी शेजारीशेजारी ठेवल्याच गेल्या नाहीत. एकच समई वीस वर्षं गावोगावी शांत होत राहिली आणि कोणाला पत्ता लागला नाही. हे फक्त छापखानेवाल्याला ठाऊक होतं, मला होतं आणि माझ्या बायकोला होतं.

तिला ठाऊक असायचं कारण म्हणजे मी जे काही लिहीत असे ते आधी तिला वाचून दाखवत असे. ती तांदूळ निवडता निवडता ऐके. आवडलं तर "हं" म्हणे, नाही आवडलं तर उठून पाणी प्यायला जाई. यापेक्षा नेमका समीक्षक मला कुठे भेटला नाही. दोन नंबरचं मॅटर वाचून दाखवलं तेव्हा मात्र तिनं ना "हं" केलं, ना ती उठली. सुपातला खडा काढत म्हणाली, "मेल्यावर सारेच मनमिळाऊ होतेत का जी?"

मी म्हटलं, "लोकांना बरं वाटतं."

"माह्या पत्रिकेत असलं काई लिहू नोका. मी मनमिळाऊ नाई."

"मग काय आहेस?"

"ते तुमी पाहा. लेखक तुमीच नं."

मी हसलो. पाहू म्हटलं, अजून घाई नाही. आणि खरंच, मनमिळाऊ ती नव्हतीच. नळावरच्या भांडणात आमच्या आळीत तिचा हात कोणी धरत नसे. माझ्या मोठ्या बहिणीशी तिनं नऊ वर्षं अबोला धरला होता, आणि चूक बहिणीची होती. आल्यागेल्याची विचारपूस करी, पण आलेला माणूस कधी जातो याकडे तिचा एक डोळा असे.

तिचं माहेर कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, वस्त्रं विणणाऱ्यांचं. विणकर आम्हीही, पण आमच्या घरचा हातमाग आजोबांच्या हयातीतच मोडीत निघाला होता. वडिलांनी कापडाचं दुकान काढलं आणि मी खडू हातात घेतला. तिच्या वडिलांनी मात्र माग सोडला नाही. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मोठ्या मुलीला, म्हणजे हिला, मागावर बसवलं. लग्न ठरवायला आम्ही गेलो तेव्हा तिच्या वडिलांनी हे अभिमानानं सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. नंतर त्याचा विषय आमच्या घरात फारसा निघाला नाही. एक खोड मात्र तिला होती. बसमध्ये शेजारी कोणी अनोळखी बाई बसली आणि अंगावर बरं लुगडं असलं, की ही हळूच त्याचा काठ चिमटीत धरून पाही. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. "लोक काय म्हणतील," मी दबक्या आवाजात रागावे. ती हात मागे घेई आणि खिडकीबाहेर पाहत बसे.

तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. पोटात दुखतं म्हणाली, साकोलीत दाखवलं, त्यांनी नागपूरला न्यायला सांगितलं, आणि अकराव्या दिवशी मी तिला घेऊन परत आलो. अँब्युलन्समध्ये मी पुढे बसलो होतो. मागे तिच्याजवळ मुलगी होती. मी मागे का बसलो नाही, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करून आलो. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मी पुढच्या खोलीत सतरंजीवर भिंतीला टेकून बसलो होतो. छापखानेवाला आला. तो रडला, मी रडलो. मग त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाला, "पाहुण्यायच्या गावाले पत्रिका पोहोचाले वेळ लागते, म्हणून मीच करून आणलो. तुमचंच मॅटर लावलो, गुरुजी. याच्यापेक्षा चांगलं कोण लिहीन? तुमी फक्त नजर टाका."

मी खिशातला पेन काढला आणि प्रूफ तपासलं.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना कसं सांगावं? प्रूफ तपासताना वाचायचं नसतं. वाचायला लागलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की चुका निसटतात. शाळेतल्या नव्या मास्तरांना मीच हे शिकवलं होतं. मी एकेक अक्षर बघत गेलो. 'कुटूंबाची' मधला दुसरा उकार दीर्घ पडला होता, तो ऱ्हस्व केला. तिचं नाव आणि 'यांचे' यांच्यात जागा सुटली नव्हती, ती सोडली. 'गुरूवार' दुरुस्त केला. खाली 'ठीक आहे' असं लिहिलं, सही केली आणि कागद परत दिला. चारशे प्रती निघाल्या. माझ्या हातून एकही चूक सुटली नव्हती.

तेरवीच्या दिवशी मांडवात जेवणं उरकत आली होती. मी आणि मुलगी एका कडेला खुर्च्यांवर बसलो होतो. सानगडीचा एक शेतकरी भेटायला आला. माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा बाप, तलावाखाली त्याची धानाची शेती. त्याची आई चारेक वर्षांपूर्वी वारली होती. हात जोडून तो माझ्यापुढे बसला आणि शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद त्यानं काढला.

"माह्या मायची पत्रिका," तो म्हणाला. "घरचे म्हणत, फाडून टाक, घरात ठेवू नाई. मी नाई फाडलो. माह्या मायबद्दल असं चांगलं जिंदगीत कोणी बोललं नोतं, गुरुजी. परवा काकूची पत्रिका आली, तर वाचता वाचता मले मायच दिसली. तेच शब्द. तुमी माह्या मायले अन् काकूले एकाच मापानं मोजलं, हे मी कधी इसरनार नाई."

त्याचे डोळे भरले होते. त्यात टोमणा तिळभरही नव्हता. तो मनापासून उपकार मानत होता, आणि मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मुलीनं हात पुढे केला. त्यानं पिशवीतली पत्रिका तिच्या हातात दिली. तिनं खुर्चीखालच्या गठ्ठ्यातून उरलेली एक आईची पत्रिका काढली आणि दोन्ही मांडीवर शेजारीशेजारी ठेवल्या. तिला फार वेळ लागला नाही. तिनं त्या माणसाची पत्रिका नीट पिशवीत घालून त्याला परत केली, "जेवून जा, काका," म्हणाली. तो उठून गेल्यावर माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "आईसाठी वेगळं काहीच नव्हतं का हो, बाबा?"

छापखानेवाल्यावर ढकलता आलं असतं. मन ठिकाणावर नव्हतं, असंही म्हणता आलं असतं. पण 'कुटुंब'चा उकार दुरुस्त करण्याइतकं मन ठिकाणावर होतं. तेवढं कळण्याइतकी ती माझी मुलगी आहे.

त्यानंतर बरेच महिने मी कागदाला हात लावला नाही. कोणी मानपत्र मागायला आलं तर डोळ्यांचं कारण सांगत असे. लोक म्हणत, काकू गेल्या आणि गुरुजी खचले. खचलो होतोच. पण त्याहून जास्त मला माझ्याच शब्दांची किळस आली होती. 'मनमिळाऊ' हा शब्द कुठे दिसला तरी मान फिरवत असे. पेपरमध्ये हा शब्द किती वेळा येतो हे त्या दिवसांत कळलं.

ब्लॉगची कल्पना मुलीची. तेरवीच्या त्या प्रश्नानंतर आमच्यात तो विषय निघाला नव्हता. दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "लोकांसाठी पुष्कळ लिहिलंत. आता स्वतःचं लिहा. कोणी छापायला नको, कोणी परत पाठवायला नको." तिनं मला माफ केलं आहे की नाही, हे मी विचारलेलं नाही.

तर या चौकटीपुढे मी बसलो. 'निवृत्त शिक्षक, लेखक' एवढं लिहिलं आणि खोडलं. 'साहित्यसेवक' लिहून पाहिलं आणि माझं मलाच हसू आलं. मग मनात आलं, माझं राहू दे. आधी तिच्याबद्दल चार ओळी लिहाव्यात, ज्या पत्रिकेत यायला हव्या होत्या. तिनं सांगितलं होतं, ते तुमी पाहा. आता बघायला बसलो.

नळावरची भांडणं लिहिली. नऊ वर्षांचा अबोला लिहिला. डाळीत मीठ कमी पडलं तर ती "मीठ महाग झालं" म्हणे, आपली चूक म्हणून कधी कबूल करत नसे, तेही लिहिलं. मुलीच्या पहिल्या पगाराची साडी तिनं नेसली नाही, नुसती हात फिरवून ठेवून दिली, ते लिहिलं. एवढ्यात माझा साठा संपला. चाळीस वर्षांच्या संसाराचं एक पानसुद्धा भरेना. मानपत्र लिहायचं असलं की मी साहेबाच्या शिपायाला, ड्रायव्हरला, शेजाऱ्याला विचारून यायचो. हिच्याबद्दल मी कोणालाच काही विचारलेलं नव्हतं.

म्हणून मागच्या रविवारी दुपारी माझ्या साळीला फोन लावला. बायकोची ही एकुलती एक धाकटी बहीण, अजून माहेरच्या गावीच असते. मी म्हटलं, तुझ्या बहिणीबद्दल लिहितो आहे, लग्नाआधीचं काही सांग.

ती म्हणाली, "मागाचं लिहाल का, भाऊजी?"

"कोणता माग?"

"तिचा. बाबा तो बपेऱ्याले पाठवनार होते नं. बैलबंडी ठरवली होती. तुमाले मालूमच नाई?"

बपेरा हे माझ्या पहिल्या नेमणुकीचं गाव, पार मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. लग्नानंतरची तीन वर्षं आम्ही तिथे काढली. एक खोली आणि तिच्या मागे एक छपरी. माग पाठवायचं कधी ठरलं होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

साळी सांगत गेली. लग्नाआधीच बाप-लेकीचं ठरलं होतं, संसार मांडला की माग छपरीत बसवायचा. मास्तरची बायको दिवसभर करील काय, विणत बसेल. पहिल्या दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा वडिलांनी विचारलं, बंडी कधी पाठवू? ती म्हणाली, नोका पाठवू.

"बाबा म्हणे, काहून वो? तर म्हणाली, ते रोज संध्याकाळी लिहीत बसतेत. शेजारची बाई उखळात तिखट कुटत होती, तर तिच्यावर इतके बोंबलले का ती बिचारी मुसळ टाकून घरात गेली. तिखट तर घडीभर कुटतेत. माग दिवसभर खटखट वाजन. त्यायचं लिहिणं होनार नाई."

मी विचारलं, "मग मला का नाही म्हणाली ती?"

"बाबानंबी तेच म्हटलं, जावयाले इचारून पाय. तर म्हणे, इचारलं तर ते हो म्हनतीन, अन् मंग लिहिनार नाईत. बाबानं सालभर माग तसाच ठेवला, भाऊजी. तिचं अर्धं विणलेलं लुगडं त्याच्यावरच होतं. ती येईन अन् पुरं करीन म्हणून. मंग मीच पुरं केलो."

ती अजून काही तरी बोलत होती. मी हूं हूं करत होतो, पण कानात काही शिरत नव्हतं. फोन ठेवला आणि दुपारभर तसाच बसून राहिलो. रडू आलं ते संध्याकाळी, चहाचं आधण ठेवताना.

बपेऱ्याची ती शेजारीण मला आठवत नाही. मुसळाचा आवाज आठवत नाही. मी ओरडलो तेही आठवत नाही, पण ओरडलो असणार, मी तेव्हा तसाच होतो. त्या दिवाळीच्या सुमाराला लिहिलेली कथा मात्र नावासकट आठवते. ती साभार परत आली होती.

मुलीला वाटतं, मला त्या छापील पत्रिकेचं शल्य आहे. मलाही परवापर्यंत तेच वाटत होतं. पण समजा, त्या तिसऱ्या दिवशी मी छापखानेवाल्याला थांबवलं असतं, कोरा कागद मागितला असता आणि तिच्याबद्दल स्वतः, मन लावून, एकेक शब्द पारखून लिहिलं असतं. तरी त्यात ती विणकर होती हे आलं नसतं, आणि माझ्यासाठी तिनं माग सोडला हेही आलं नसतं. पहिलं मी ऐकून विसरलो होतो, दुसरं मला माहीतच नव्हतं.